सदस्यत्व कुणाच्या नावावर?

२०२४ च्या दिवाळीआधी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक छापील अर्ज आठ दिवस पडून होता. शूटिंग रेंजच्या वार्षिक सदस्यत्वाचा. रोज कुणीतरी त्याच्यावर पाण्याचा तांब्या ठेवायचं आणि रोज मी तो पुसून बाजूला ठेवायची. भरायचा की नाही, ते ठरत नव्हतं. पैशांचा प्रश्न होताच, पण अडलं होतं ते अर्जातल्या एका ओळीपाशी.

अर्ज घरात कसा आला ते आधी सांगते. मी जालन्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लेक तेव्हा नववीत होती. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरनं नेमबाजीत दोन ब्राँझपदकं मिळवली, पाठोपाठ आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनंही एक मिळवलं, आणि लेकीनं जाहीर केलं, "आई, मला नेमबाजी शिकायचीय." सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बंदूक शिकून काय करती बाई? चिमण्या मारती का?"

सगळे हसलो. मीही हसले. पण रात्री झोप येईना. १९९५ साली मी कॉलेजात एन.सी.सी.त होते. कॅम्पमध्ये पॉइंट टू टू रायफलनं, पालथं पडून, प्रत्येकीला पाच गोळ्या झाडायला मिळाल्या होत्या. माझ्या पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत लागल्या. शिकवणारे हवालदार म्हणाले, "बेटा, हाथ अच्छा है." तो कागद मी ट्रंकेत जपून ठेवला होता. लग्नानंतर सामान हलवता हलवता तो कधी गेला, कळलंसुद्धा नाही. पाच गोळ्या, एवढीच माझी नेमबाजी.

अंजली भागवत याही एन.सी.सी.तूनच नेमबाजीत आल्या. २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत त्या पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. या तिघींच्या कष्टांशी मी माझी बरोबरी करत नाही. पण एक गोष्ट मनात येतेच. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज होती, कोल्हापुरात शिकवणारे होते, पुण्यात बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी संकुल उभं राहिलं. आमच्या भागातल्या मुलींच्या हातात काय कमी होतं? कमी होती ती जवळची रेंज आणि तिथे जायची मुभा.

तर आम्ही चौकशीला निघालो. बरोबर लेकीची एक मैत्रीणही आली. ती चंदनझिऱ्याला राहते. वडील रोलिंग मिलमध्ये भट्टीवर कामाला, आई चार घरी धुणीभांडी करते. दोघी एका बाकावर बसणाऱ्या.

पहिली रेंज जालन्याबाहेरची, बसनं दीड तासावरची. फार देखणी. इलेक्ट्रॉनिक टार्गेट, म्हणजे छर्रा कुठे लागला ते समोरच्या पडद्यावर लगेच दिसतं. वातानुकूलित हॉल, कॅन्टीन, भिंतीवर पदकविजेत्यांचे फोटो. पोरी हरखून गेल्या. नमुना म्हणून दोघींना दहा-दहा छर्रे झाडू दिले. माझ्या लेकीचे छर्रे कागदभर पसरले. तिच्या मैत्रिणीनं श्वास रोखला, डोळा लावला, आणि दहातले सात काळ्या गोलाच्या आत. प्रशिक्षकांनी दोनदा पडदा पाहिला. "आधी कुठे शिकलीस?" विचारलं. ती म्हणाली, "कुठंच नाही सर."

मग कार्यालयात गेलो. कारकुनानं अर्ज काढला आणि 'मुख्य सदस्य' या रकान्यात, मला न विचारता, पेन्सिलीनं लेकीच्या बाबांचं नाव लिहिलं. ते तर आलेही नव्हते. मी म्हटलं, "फी मी भरणार, खेळणार मुलगी, मग हे नाव कशाला?" तो म्हणाला, "मॅडम, फॅमिली पॅकेज स्वस्त पडतं. सगळे असंच घेतात." खाली 'कुटुंबीय' असा रकाना होता. त्यात बारीक अक्षरात छापलं होतं: मुलगा, वय २५ पर्यंत. मुलगी, लग्न होईपर्यंत.

हीच ती ओळ.

घरी नवऱ्याला दाखवली. तो तसा समजूतदार माणूस आहे. म्हणाला, "अगं, छापील फॉर्म असतात. नावात काय आहे? सवलत मिळतेय ना?" मी म्हटलं, नावात बरंच काही आहे. सातबारा कुणाच्या नावावर, घर कुणाच्या नावावर, यावरून बाईला रात्री घराबाहेर काढता येतं की नाही ते ठरतं. शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करताना किती जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या! आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव घालायचं ठरलं आहे, म्हणजे सरकारलाही नावाची किंमत कळली. आणि इथे एका खेळाच्या जागी मुलीचं नाव तिच्या बापाच्या खाली, तेही लग्नापर्यंतच. लग्न झालं की हात थरथरायला लागतो का तिचा?

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ओळीवरून किती ताणायचं! पण या खेळाचा इतिहासच असा आहे. १९७६ साली मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीला बायकांचा वेगळा गट नव्हता. अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक पुरुषांबरोबर खेळल्या आणि पहिल्या आलेल्याइतकेच गुण मिळवून रौप्यपदक घेऊन आल्या. १९९२ ला बार्सिलोनात चीनच्या झांग शान यांनी स्कीट या प्रकारात सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. पुढच्या, १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवली गेली. बायकांची वेगळी स्कीट सुरू झाली ती २००० साली. म्हणजे विजेतीला आपलं पदक राखायला मैदानात उतरताच आलं नाही. दहा मीटर एअर रायफलमध्ये पुरुषांनी साठ नेम मारायचे आणि बायकांनी चाळीस, हा नियम २०१७ पर्यंत होता. २०१८ पासून दोघांना साठ झाले. ज्या खेळात ना उंची लागते, ना दांडगाई, फक्त स्थिर शरीर आणि शांत मन लागतं, तिथेही बाईला 'अर्धी सदस्य' धरण्याची सवय इतकी जुनी आहे. मग कारकुनाच्या पेन्सिलीचं काय घेऊन बसलात?

शिवाय एक साधी अडचण होतीच. लेकीची मैत्रीण कुणाच्या 'कुटुंबात' बसवायची? सवलत कुटुंबाला होती. तिला एकटीला घ्यायचं तर पूर्ण वार्षिक फी एकदम भरावी लागणार होती. जिचा नेम चांगला, तिलाच जागा नाही!

दुसरी रेंज गावातलीच निघाली. मोंढ्याच्या बाजूला एका जुन्या गोदामात. दहा मीटरच्या रेंजला तसं लागतं काय? एक लांब हॉल, पलीकडे भक्कम भिंत, पुरेसा उजेड. सहा जणी शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी जागा. टार्गेट कागदाचं. चांगल्या रायफली दोनच, पाळीपाळीनं वापरायच्या. पंखे घरघरणारे. पण फी महिन्याची होती, पावती ज्याच्या त्याच्या नावावर होती, आणि अर्जात लग्नाचा रकाना नव्हता.

दोन्ही ठिकाणं पाहून झाल्यावर मी एका वहीत काय काय विचारायचं ते लिहून काढलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हा प्रश्न आला तर उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पहिलं म्हणजे खर्च. सदस्यत्वाची फी हा खर्चाचा लहान भाग असतो. छर्रे कोण देणार, ते विचारा. स्पर्धेत साठ नेम मारायचे असतात, म्हणजे रोज तेवढाच सराव धरला तर पाचशे छऱ्यांचा डबा आठ दिवसांत संपतो. रायफलला जाड जॅकेट, पँट, बूट लागतात. पिस्तुलाला ते लागत नाहीत, ते एका हातानंच चालवायचं असतं. त्यामुळे हात आखडता असेल तर पिस्तुलापासून सुरुवात करणं परवडतं. परदेशी रायफल दीड-दोन लाखांच्या पुढे जाते. ती पहिल्या वर्षी घ्यायला कुणी भरीला घालत असेल तर सावध व्हा. निदान वर्षभर रेंजच्याच हत्यारावर शिकता आलं पाहिजे. परवान्याचीही धास्ती नको. दहा मीटरच्या स्पर्धेची साडेचार मिलिमीटरची एअर रायफल किंवा पिस्तूल ठरलेल्या ताकदीच्या आत असेल तर शस्त्रपरवाना लागत नाही. पॉइंट टू टूला मात्र लागतो.

दुसरं, सुरक्षितता. दहा मिनिटं नुसतं बसून पाहा. कुणी नेम धरलेला असताना दुसरं कुणी टार्गेटकडे चालत जातं का? एकाच्या हुकमावर सगळे थांबतात का? रायफल खाली ठेवताना ती रिकामी असल्याची खूण नळीत घालतात का? छर्रे शिशाचे असतात. हॉलमध्ये हवा खेळती हवी आणि हात धुवायला नळ हवा. लहान मुली आणि गरोदर बायका यांना तर शिशापासून विशेष जपायला हवं.

तिसरं, संडास. हसू नका. मुली पाणी न पिता तास न् तास काढतात, हे शाळेत मी रोज पाहते. जिथे बायकांसाठी कडी लागणारा स्वच्छ संडास नाही, ती जागा बायकांना गृहीत धरत नाही, एवढं समजून घ्या.

चौथं, स्पर्श. या खेळात उभं कसं राहायचं, कोपर कुठे टेकवायचा, खांद्याला दस्ता कसा लावायचा, हे शिकवताना हात लावावा लागतो. चांगला प्रशिक्षक आधी सांगतो, विचारतो, सगळ्यांसमोर शिकवतो. हे सरळ विचारायला लाजू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडासंस्था, क्रीडासंकुलं आणि स्पर्धेच्या जागांनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तिथे तक्रार समिती हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो कायदा आहेच. २०२३ साली दिल्लीत जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीगीर मुली आपण पाहिल्या. एवढी पदकं मिळवलेल्यांना रस्त्यावर बसावं लागलं, तर आपल्या नवशिक्या पोरींनी कुणाच्या भरवशावर गप्प राहायचं?

पाचवं, वेळ आणि वाट. सरावाची वेळ संध्याकाळी आठची असेल आणि शेवटची बस सातची, तर ते सदस्यत्व मुलीसाठी नाहीच.

या यादीत एक गोष्ट मी मुद्दाम घातली नाही: 'स्वसंरक्षण'. दोन्ही ठिकाणी फलक होते. 'मुलींनो, सबला बना', 'आत्मरक्षणासाठी नेमबाजी', आणि खाली सवलतीचा आकडा. मला हे पटत नाही. साडेपाच किलोपर्यंतची रायफल घेऊन, जाडजूड जॅकेट घालून, दहा मीटरवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेम धरायचा, यात आत्मरक्षण कुठे आलं? रेंजचं हत्यार रेंजवरच राहतं. आणि बाईवर हात उगारणारा बहुतेक वेळा घरातलाच असतो, शेजारचा असतो, ओळखीचा असतो. त्याच्यावर काय बंदूक रोखायची? भीती दाखवून फी गोळा करण्याचा हा धंदा आहे. वर मुलीलाच सांगायचं, तुझ्यावर काही ओढवलं तर जबाबदारी तुझी, शिकली का नाहीस?

हातात शस्त्र घेण्याची वेळ बायकांवर कधी येतच नाही असं नाही. आपल्याच बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके निजामी राजवटीविरुद्धच्या सशस्त्र लढ्यात उतरल्या होत्या. पण तो लढा होता, तिथे शत्रू समोर उभा होता. आमच्या पोरी जे मागताहेत ते वेगळं आहे. त्यांना खेळ हवाय. मुलानं क्रिकेट खेळायला मागितलं तर आपण विचारतो का, "यानं तुझं रक्षण कसं होईल?" मुलीला मात्र प्रत्येक गोष्टीचं कारण द्यावं लागतं. पोहायचं कशाला, बुडू नये म्हणून. कराटे कशाला, कुणी छेडू नये म्हणून. आवडतं म्हणून, एवढं कारण पुरत नाही.

मी रेंजवर बसून जे पाहिलं ते सांगते. नेम धरलेली मुलगी तासभर कुणाच्या हाकेला ओ देत नाही. कुणाला चहा हवाय, धाकटा का रडतोय, यातलं काही तिच्या कानावर येत नाही. समोर ठिपका, तिचा श्वास आणि चापावरचं बोट. एक तास तिचं मन पूर्णपणे तिचं असतं. आपल्यापैकी कितीजणींना असा एक तास मिळाला? मला तरी नाही मिळाला.

शेवटी आम्ही गोदामातली रेंज घेतली. लेक दोन दिवस रुसली होती. तिला पडदा हवा होता, ए.सी. हवा होता. तिचं अगदीच चूक नाही. पुढे मोठ्या स्पर्धांना जायचं तर इलेक्ट्रॉनिक टार्गेटची सवय लागेल, हे मलाही कळतं. पण सवलतीत एकटीनं शिकण्यापेक्षा दोघींनी शिकावं, असं मला वाटलं. दोघींचे दोन अर्ज, दोन पावत्या, आपापल्या नावावर. मैत्रिणीची निम्मी फी तिच्या आईनं भरली, निम्मी आम्ही चार शिक्षिकांनी वर्गणी काढून. आईला फुकट नको होतं.

तिच्या आईकडे मी विचारायला गेले होते तेव्हाची गोष्ट. ती म्हणाली, "ताई, दिवाळीनंतर हिला बघायला येणारंत." पोरगी पंधरा वर्षांची! मी कायदा सांगायला लागले. तिनं थांबवलं. "कायदा ठावं हाय ताई. पर आमी दोघं दिसभर कामाला, पोर घरात एकटी. काय झालं तर तुमचा कायदा येतो का राखायला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जालना जिल्ह्यात साधारण तिघींतल्या एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसतं, हे मी भाषणात कितीदा सांगितलं असेल. तो आकडा असा खाटेवर बसून आपल्याशी बोलायला लागला की जीभ जड होते.

पोरगी शनिवार-रविवार सकाळी यायला लागली. रेंजवाल्यांनी मुलींची वेगळी वेळ दिली, सकाळी सात ते नऊ. सहा महिन्यांत सात मुली झाल्या, तेव्हा बसायला बाक नव्हते म्हणून आम्हीच दोन आणले. पाहायला येणाऱ्यांना तिच्या वडिलांनी "दहावी होऊ द्या" म्हणून कळवलं. नेमबाजीमुळे लग्न टळलं, असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की दर आठवड्याला चार तास ती कुठे आहे आणि कुणाबरोबर आहे, हे आईला ठाऊक होतं, आणि घरात एकटी असण्याची काळजी तेवढी कमी झाली. एक वर्ष मिळालं. पुढचं वर्ष पुढे बघू.

पण आपण वर्गणी काढून किती पोरींना पुरणार? माझं म्हणणं असं आहे की सदस्यत्व विकत घ्यावं लागणाऱ्या रेंजवरच हा विषय सोडून चालणार नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्यांच्या क्रीडासंकुलांत व्यायामशाळा होतात, बॅडमिंटनचे हॉल होतात. त्याच छपराखाली दहा मीटरच्या चार लेन का होऊ नयेत? मुलींची ठरलेली वेळ, शाळेच्या ओळखपत्रावर प्रवेश, हत्यार आणि छर्रे संकुलाचे. परतूर, मंठा, भोकरदन, घनसावंगी, प्रत्येक ठिकाणच्या बायकांनी मिळून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे हे मागावं. आमचा अर्ज तयार आहे. त्यावर मुलींच्या सह्या त्यांच्या स्वतःच्या नावानं आहेत.

त्या पहिल्या रेंजला मी पत्र लिहिलं, 'मुलगी, लग्न होईपर्यंत' ही ओळ काढा म्हणून. उत्तर आलेलं नाही. तुमच्या गावातल्या क्लबचे, तलावांचे, व्यायामशाळांचे अर्ज एकदा काढून वाचा. अशी ओळ सापडली तर आम्हाला कळवा.

आणि हो, सासूबाई परवा आमच्याबरोबर रेंजवर आल्या होत्या. बाकावर बसल्या, चष्मा पुसला, बराच वेळ पाहत राहिल्या. घरी परतताना रिक्षात म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला किती फी घेत्यात गं?"